डीएनए ओरिगामीवर रासायनिक गट नेमके कुठे बसतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डीएनए ओरिगामी म्हणजे डीएनएच्या एका लांब धाग्याला लहान 'स्टेपल' धाग्यांनी घड्या घालून बनवलेला आकार; त्याच्या चादरीत प्रत्येक स्टेपल धाग्याची जागा ठरलेली असते. मग शेजारशेजारच्या तीन स्टेपलांवर इमिडाझोल, कार्बोक्झिल आणि हायड्रॉक्सिल गट लावले, तर कायमोट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमच्या सक्रिय केंद्रासारखं कृत्रिम उत्प्रेरक केंद्र तयार होईल का? आणि होत नसेल, तर डीएनएवर गट मांडण्याचा एवढा खटाटोप लोक कशासाठी करतात?

पहिल्या भागाचं उत्तर स्पष्टच देतो: या मार्गाने होणार नाही. कायमोट्रिप्सिनमध्ये हायड्रॉक्सिल असलेल्या सेरीनचा ऑक्सिजन आणि इमिडाझोल असलेल्या हिस्टिडीनचा नायट्रोजन यांच्यातलं अंतर सुमारे ०.३ नॅनोमीटर असतं. डीएनएच्या दुहेरी सर्पिलात एका बेसजोडीपासून पुढची बेसजोडी ०.३४ नॅनोमीटरवर येते. म्हणजे तुम्हाला हवं असलेलं अंतर या मोजपट्टीच्या सर्वांत लहान खुणेहूनही कमी आहे. शिवाय त्या खुणेवर तुमचा गट थेट बसत नाही, तो लवचीक दोरीने बांधलेला असतो. दुसऱ्या भागाचं उत्तर मात्र मोठं आहे, कारण अंतराचा पल्ला बदलला की हाच सांगाडा असं काही करून दाखवतो जे दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने सहज जमत नाही.

आधी सांगाड्याची मापं पाहू. नॅड्रियन सीमन यांनी १९८२ साली डीएनएच्या फांद्या असलेल्या जोडांपासून जाळी विणण्याची कल्पना मांडली. त्यांना त्या जाळीत इतर रेणू ओळीने बसवून स्फटिकशास्त्राचं काम सोपं करायचं होतं. म्हणजे 'डीएनएवर दुसऱ्या गोष्टी मांडायच्या' हा हेतू या शाखेत पहिल्या दिवसापासून आहे. पॉल रोथेमुंड यांनी २००६ मध्ये ओरिगामीची पद्धत दिली: एम-१३ विषाणूचा सात हजारांहून थोडा अधिक बेस असलेला एकेरी लांब धागा घ्यायचा आणि दोनशेहून अधिक लहान स्टेपल धाग्यांनी त्याला घड्या घालून हवा तो आकार द्यायचा. साधारण १०० नॅनोमीटर रुंदीचे आकार असे बनतात आणि स्टेपलांच्या टोकांचा विचार केला तर सुमारे ६ नॅनोमीटरच्या अंतराने पत्ते मिळतात. सर्पिलाचा व्यास २ नॅनोमीटर, द्रावणात एका वेढ्याला साधारण १०.५ बेसजोड्या. हे दोन आकडे डोक्यात पक्के ठेवा, पुढचं सगळं त्यावर चालतं.

आता मूळ मुद्दा. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही एका बेसवर टिचकी मारता आणि 'इथे अमाइन' असं ठरवता. तो झाला पत्ता. गट प्रत्यक्षात कुठे असतो हा वेगळा प्रश्न आहे, आणि या कामातली निम्मी मेहनत त्या फरकावरच जाते.

एक उदाहरण आकड्यांनिशी बघू. समजा एकाच सर्पिलावर दहा बेसजोड्यांच्या अंतराने दोन गट लावले. पत्त्यांप्रमाणे त्यांच्यात ३.४ नॅनोमीटर अंतर आहे. ओलिगो (लहान कृत्रिम डीएनए धागे) बनवणाऱ्या कंपनीकडून नेहमी मिळतो तो सहा कार्बनचा अमाइन जोड, म्हणजे फॉस्फेटपासून अमाइनपर्यंत ताणून सुमारे १ नॅनोमीटर. त्यावर तुम्ही अभिकर्मक जोडता, त्याची स्वतःची साखळी अर्धा नॅनोमीटर तरी धरा. प्रत्येक गट आपल्या खुंट्याभोवती दीड नॅनोमीटर त्रिज्येत फिरू शकतो. म्हणजे तुमचं ३.४ नॅनोमीटरचं अंतर प्रत्यक्षात ०.४ पासून ६.४ नॅनोमीटरपर्यंत कुठलंही असू शकतं. तिन्ही गट योग्य दिशेला तोंड करून एकाच क्षणी ०.३ नॅनोमीटरवर येण्याची शक्यता किती, याचा अंदाज यावरून येईल. प्रथिनांच्या घडीने हेच काम केलेलं असतं: गटांना फिरायला जागाच ठेवलेली नसते.

दिशेचं गणितही असंच आहे. प्रत्येक बेसजोडीला सर्पिल साधारण ३४ अंशांनी वळतं. त्यामुळे गट पाच बेस पुढे सरकवला, तर तो जवळजवळ अर्धा वेढा फिरून चादरीच्या पलीकडच्या बाजूला जातो. लांबीच्या दिशेने तुम्ही त्याला जेमतेम १.७ नॅनोमीटर हलवलेलं असतं, पण तो आता उलट्या पृष्ठभागावर आहे. त्याच्या अधलंमधलं काही निवडलं तर तो शेजारच्या सर्पिलाकडे तोंड करतो आणि दोन सर्पिलांच्या फटीत अडकतो. 'गट जोडला आहे पण काहीच क्रिया करत नाही' अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी हे बघतो: टोक ५-प्राइम आहे की ३-प्राइम, आणि त्या बेसचं फॉस्फेट कोणत्या बाजूला उघडतं. सॉफ्टवेअरमधल्या सपाट नकाशावर हे दिसत नाही, त्रिमितीय मॉडेल उघडून फिरवूनच पाहावं लागतं.

'पण म्युनिकच्या गटाने तर बोर त्रिज्येइतकी, म्हणजे हायड्रोजन अणूच्या त्रिज्येइतकी अचूकता दाखवली आहे ना?' असा प्रश्न इथे हमखास येतो. फुंके आणि डीट्झ यांचं ते काम २०१६ चं आहे. त्यांनी बिजागरीसारखा ओरिगामी तयार केला आणि तिच्या दोन बाहूंमधला कोन बदलून दोन रेणूंमधलं सरासरी अंतर ०.०४ नॅनोमीटरच्या पायऱ्यांनी बदलून दाखवलं. काम उत्तमच आहे. पण त्यातला 'सरासरी' हा शब्द सोडू नका. सरासरी अंतर बारीक पावलांनी सरकवता येणं आणि एखादा गट त्या अंतरावर स्थिर राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्प्रेरणाला दुसरी लागते.

मग सांगाडा रसायनशास्त्राला देतो काय? पहिली देणगी म्हणजे स्थानिक तीव्रता. दोन गट एकाच सांगाड्यावर १० नॅनोमीटरच्या आत बांधले, की १० नॅनोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात एक रेणू असल्यासारखं होतं. त्या गोळ्याचं आकारमान सुमारे ४,१९० घन नॅनोमीटर, आणि त्यातला एक रेणू म्हणजे ०.४ मिलिमोलर तीव्रता. त्रिज्या ५ नॅनोमीटर केली तर हीच तीव्रता ३ मिलिमोलरच्या वर जाते. द्रावणात मात्र तुमचे रेणू नॅनोमोलरमध्येच असतात, म्हणजे इतर कुणाशी त्यांची गाठ पडण्याचा संभव नगण्य. हार्वर्डमध्ये गार्टनर आणि लिऊ यांनी २००१ पासून डीएनएच्या साच्यावर केलेल्या संश्लेषणाचा हाच पाया आहे. त्यांच्या कामातली एक गोष्ट तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडते: कित्येक अभिक्रियांमध्ये दोन गटांमध्ये एक बेसचं अंतर असो की तीस बेसचं, वेगात फारसा फरक पडला नाही. कारण वेग ठरत होता दोन धागे एकमेकांना सापडण्यावर. जोडी जमल्यावर अभिक्रिया उरकायला तेवढी जवळीक पुरेशी होती. वेगवान अभिक्रिया असेल तर गट नॅनोमीटरच्या हिशेबात बसवायची गरजच पडत नाही.

दुसरी देणगी म्हणजे प्रत्येक जागी काय घडलं ते डोळ्यांनी पाहता येणं. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठात २०१० मध्ये फॉइग्ट, गोटेल्फ आणि सहकाऱ्यांनी ओरिगामीच्या चादरीवर ठरावीक ठिकाणी बायोटिन हा लहान रेणू बांधला, काही ठिकाणी तुटू शकणाऱ्या जोडाने. बायोटिनला स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन चिकटतं आणि अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली ते ठळक टिपक्यासारखं दिसतं. जोड तोडला की टिपका गायब, नवीन बंध जोडला की टिपका हजर. एकेका रेणूवरची बंध तुटण्या-जुळण्याची क्रिया अशी मोजता येते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हाचा आनंद मला आजही आठवतो.

पण या सांगाड्याचं खरं बलस्थान ५ ते ५० नॅनोमीटरच्या पल्ल्यात आहे, आणि हा पल्ला जीवशास्त्राचा आहे. आयजीजी प्रतिपिंडाला दोन हात असतात. त्या दोन हातांना दोन प्रतिजन कोणत्या अंतरावर सर्वांत सोयीचे पडतात, हे ओरिगामीवर प्रतिजनांच्या जोड्या वेगवेगळ्या अंतरांवर बसवून २०१९ मध्ये मोजलं गेलं. उत्तर आलं साधारण १६ नॅनोमीटर. त्याहून जवळ किंवा लांब नेलं की बंध सैल पडतो. पुढच्याच वर्षी एमआयटीच्या संशोधकांनी सुमारे ४० नॅनोमीटरच्या विषाणूसारख्या डीएनए कणावर एचआयव्हीच्या लसीसाठीचे प्रतिजन मांडले. त्यांना असं दिसलं की प्रतिजनांमधलं अंतर २५ ते ३० नॅनोमीटरपर्यंत वाढवत नेलं तर बी-पेशींचा प्रतिसाद वाढतो, आणि नीट पसरून लावलेले पाचच प्रतिजनही त्यांना चेतवायला पुरतात. प्रश्न विचारताना 'किती गट' आणि 'किती अंतरावर' या दोन गोष्टी वेगळ्या करता येणं, हे पॉलिमरवर किंवा सोन्याच्या कणावर गट चिकटवून कधीच साधत नाही. तिथे संख्या वाढवली की अंतर आपोआप कमी होतं.

एन्झाइमांच्या जोड्यांबद्दल मात्र जपून. ग्लुकोज ऑक्सिडेज आणि हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज ही जोडी ओरिगामीवर १० नॅनोमीटरवर बसवली की वेग वाढतो, ६५ वर कमी होतो, असं २०१२ मध्ये दाखवलं गेलं आणि 'जवळीक म्हणून वेग' हे स्पष्टीकरण सर्वत्र रूढ झालं. पुढे २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या हेस यांच्या गटाने त्याला आव्हान दिलं. गणित पाहा: मधला पदार्थ हायड्रोजन पेरॉक्साइड आहे, तो ५० नॅनोमीटर अंतर मायक्रोसेकंदापेक्षा कमी वेळात पार करतो. एन्झाइमला एकेका फेरीला मिलिसेकंदांच्या घरात वेळ लागत असेल, तर पेरॉक्साइड जवळून आला की लांबून, याने स्थिर अवस्थेत फरक पडू नये. त्यांच्या मते वेगवाढीचं कारण डीएनएच्या ऋणभारित पृष्ठभागाजवळचा कमी पीएच हे होतं. मला हा युक्तिवाद पटतो. आणि तुमच्या बेतासाठी त्याचा अर्थ मोठा आहे: सांगाडा तटस्थ नसतो. प्रत्येक फॉस्फेटवर ऋणभार आहे, त्याभोवती मॅग्नेशियम आणि हायड्रोजन आयनांची गर्दी आहे. तुमच्या इमिडाझोलचा पीकेए (ज्या पीएचला तो प्रोटॉन सोडतो) तिथे द्रावणातल्यासारखा राहणार नाही, आणि ऋणभारित सबस्ट्रेट (ज्या पदार्थावर क्रिया घडवायची तो) तर चादरीच्या जवळही सहजी येणार नाही.

आता हाताने करायच्या कामाकडे. गट आधी स्टेपलवर लावायचा, तो धागा शुद्ध करायचा आणि मग ओरिगामी घडवायचा, हा क्रम शक्यतो मोडू नका. घडवलेल्या ओरिगामीवर रसायन करायला गेलात तर नॅनोमोलर तीव्रतेत अभिक्रिया चालवावी लागते, मॅग्नेशियम सांभाळावं लागतं, आणि किती जागी गट लागला हे नंतर शोधत बसावं लागतं.

अमाइन असलेला ओलिगो आणि अमाइनला जोडला जाणारा एनएचएस एस्टर ही सगळ्यांची पहिली निवड असते, आणि बहुतेक वेळा ती एकाच ठिकाणी फसते: बफरमध्ये. ओरिगामीवाल्यांच्या फ्रिजमध्ये टीएई बफर कायम असतो. त्यात ४० मिलिमोलर ट्रिस असतो, आणि ट्रिस हा स्वतः प्राथमिक अमाइन आहे. तुमचा ओलिगो ०.१ मिलिमोलर असेल तर एका ओलिगोमागे ट्रिसचे चारशे रेणू एस्टरसाठी स्पर्धेला उभे आहेत. फॉस्फेट, बायकार्बोनेट किंवा हेपेस घ्या, पीएच ८ ते ८.५ ठेवा. ओलिगोच्या संश्लेषणातून उरलेला अमोनियाही हाच घोळ घालतो, म्हणून सोडियम अॅसिटेट आणि इथेनॉलने एकदा अवक्षेपण करून मगच अभिक्रिया लावा. थायॉल आणि मॅलिमाइड निवडलं तर थायॉल डायसल्फाइडच्या रूपात येतं, ते क्षपण करून घ्यावं लागतं, आणि त्या क्षपणासाठी वापरलेला डीटीटी पूर्ण काढून टाकावा लागतो, नाहीतर मॅलिमाइड त्यालाच जाऊन चिकटतं. अझाइड आणि डीबीसीओ ही तांब्याविना होणारी क्लिक अभिक्रिया मला सर्वांत कमी त्रासाची वाटते. मात्र डीबीसीओ जाडजूड आणि जलविरोधी आहे, त्यामुळे तुमच्या गटाशेजारी एक मोठा परका तुकडा कायमचा राहतो. तांब्याची क्लिक वापरायची तर तांब्याला धरून ठेवणारा लिगँड घाला, नाहीतर डीएनएचे धागे तुटतात.

शुद्धतेची खात्री मास स्पेक्ट्रमनेच करा. रंगद्रव्यासारखा जलविरोधी गट लागला की एचपीएलसीमध्ये शिखर छान सरकतं आणि वेगळं दिसतं. इमिडाझोलसारखा लहान, ध्रुवीय गट लागल्यावर ते जागचं हलतही नाही. फक्त शिखर एक आहे म्हणून नमुना शुद्ध समजणं इथे महागात पडतं.

यानंतर येतो तो प्रश्न, जो लेखांमध्ये कमी आणि प्रयोगात जास्त भेटतो: सगळ्या जागा भरल्या का? डीएनए-पेंट या एकेक जागा वेगळी दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शनाने २०१८ मध्ये हे मोजलं गेलं. स्टेपल प्रत्यक्षात बसण्याचं प्रमाण चादरीच्या मध्यभागी ९५ टक्क्यांपर्यंत होतं, पण कडेला ४८ टक्क्यांपर्यंत घसरलेलं. आता गुणाकार करून बघा. प्रत्येक जागा ८५ टक्के भरते असं धरलं आणि दहा गट हवे असतील, तर दहाच्या दहा गट असलेले ओरिगामी जेमतेम २० टक्के निघतात. तुम्ही मोजता तो संकेत मात्र सगळ्या मिश्रणाचा असतो. म्हणून महत्त्वाचे गट कडेला कधीच ठेवू नका. आणि जिथे गटाची नेमकी जागा पाच-सहा नॅनोमीटरने हलली तरी चालणार असेल, तिथे एकाच गटासाठी दोन शेजारची हँडलं (गट धरणारी स्टेपलांची टोकं) ठेवा, दोन्हींपैकी कुठलंही एक बसलं तरी चालेल अशी. ८५ टक्क्यांची जागा त्याने जवळपास ९८ टक्क्यांवर जाते आणि दहा जागांचं गणित २० वरून ८० टक्क्यांच्या आसपास पोचतं.

स्टेपल नेहमी पाच-दहा पट जादा घातलेले असतात, म्हणजे घडवल्यानंतर द्रावणात तुमचे गट लावलेले मोकळे धागे ओरिगामीवरच्या गटांपेक्षा कितीतरी अधिक असतात. ते न काढता वेग मोजला तर तो त्या मोकळ्या धाग्यांचा वेग असू शकतो. शंभर किलोडाल्टनच्या गाळणीने किंवा पीईजी अवक्षेपणाने ते काढा, आणि जेलवर मोकळा पट्टा दिसेनासा झाला की मगच पुढे जा. नियंत्रण प्रयोग म्हणून किमान एवढे हवेत: गट नसलेला ओरिगामी, तेच गट पण लांब लांब बसवलेले, आणि ओरिगामीविना नुसते मोकळे धागे. तुमच्या त्रिकुटाच्या बाबतीत एकेक गट वगळलेले आणखी तीन. नुसत्या मॅग्नेशियमच्या बफरने तुमचा सबस्ट्रेट असलेला एस्टर तुटण्याचा पायाभूत वेगही आधी मोजून ठेवा.

प्रमाणाबद्दल एकच आकडा देतो. चादरीचं वजन सुमारे ४८ लाख डाल्टन, म्हणजे १ मिलिग्रॅम ओरिगामी म्हणजे ०.२ नॅनोमोल. त्यावर दोनशे जागा भरल्या तरी गट ४० नॅनोमोल. मोजमाप करायला हे भरपूर आहे, पदार्थ तयार करायला अजिबात नाही.

तरीही तुम्हाला डीएनएवर उत्प्रेरकच हवा असेल, तर चादर बाजूला ठेवा आणि लहान रचनेकडे या. लवचीक साखळी टाळा: पिरिमिडीनच्या पाचव्या कार्बनवर अल्काइनच्या ताठ जोडाने गट लावला तर तो सर्पिलाच्या मोठ्या खोबणीत ठराविक दिशेने उभा राहतो. याहून चांगला मार्ग म्हणजे रचना आपण न ठरवता निवडीवर सोडणं. इमिडाझोल लावलेले बेस वापरून, अब्जावधी क्रमांमधून चाळून काढलेला आरएनए कापणारा डीएनए एन्झाइम २००० सालीच मिळालेला आहे. तो जस्ताच्या मदतीने काम करतो. गटांची मांडणी तिथे घडीने ठरवली, माणसाने नाही. आणि ग्रोनिंगनच्या रूलफेस आणि फेरिंगा यांनी २००५ मध्ये तर काहीच सहसंयुजी न जोडता, तांब्याचं संकुल साध्या डीएनएत मिसळून डील्स-आल्डर अभिक्रियेत आरशातल्या दोन प्रतिरूपांपैकी एका हाताचा उत्पाद दुसऱ्यापेक्षा अधिक मिळवला. सर्पिलाची वळणदार बाजू तिथे कामी आली.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर सुरुवात अशी केली असती: वीस-पंचवीस बेसजोड्यांचा एक साधा दुहेरी धागा, त्यात मधोमध समोरासमोरच्या दोन धाग्यांवर ताठ जोडाने इमिडाझोल आणि कार्बोक्झिल, आणि पॅरा-नायट्रोफिनाइल एस्टरसारखा रंगाने मोजता येणारा सबस्ट्रेट. गट एकेक बेस सरकवत जा आणि वेग सर्पिलाच्या वेढ्याबरोबर वर-खाली होतो का ते पाहा. साडेदहा बेसांच्या लयीत वेग बदलताना दिसला, तर गटांची दिशा खरोखर क्रियेत भाग घेते आहे आणि पुढे त्यावर वेळ घालवण्यात अर्थ आहे. सपाट रेघ आली तर तुमच्या हाती फक्त स्थानिक तीव्रतेचा परिणाम आहे, आणि मग लवचीक जोड, चादर, १६ नॅनोमीटरचे प्रश्न यांच्याकडे वळायला काहीच हरकत नाही.